हाक पोचत नाही

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न उंदरांना पडत असेल, आमच्या नंदाखाल गावातल्या घरमालकांना कधी पडला नाही. त्यांनी ती बांधून टाकली होती. मांजर काळंपांढरं, स्वभावाने अट्टल चोर, आणि त्या घंटेपायी त्याची सगळी विद्या फुकट गेलेली. उंदीर सोडाच, साधी चिमणीही त्याच्या हाती लागत नसे. शेवटी ते बिचारं घरमालकांच्या ताटातल्या बोंबलाच्या काट्यांवर दिवस काढत होतं.

घंटा फक्त मांजरालाच नव्हती. फाटकाला होती, ती सगळ्यांत मोठी, पितळेची, भंगारात निघालेल्या कुठल्याशा जहाजावरची. विहिरीच्या रहाटाला होती. मागच्या केळीच्या वाडीत उघडणाऱ्या दाराला होती. माझं वॉशिंग मशीन अरुंद जिन्यातून वर चढेना म्हणून त्यांच्या ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या झाकणालाही एक छोटी घंटी लोंबत होती. घरमालकांचं आयुष्य मुंबईच्या गोदीत गेलेलं, त्यामुळे घंटांना तोटा नव्हता. अर्धी चड्डी आणि बनियन घालून ते ओट्यावरच्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसत. कोण आलं, कोण गेलं, पाणी कोण काढतंय, सगळं त्यांना बसल्या जागी कळे.

"बाय, आज चादरी धुतल्यास काय? झाकण दोन वेळा उघडलंस."

मला त्यांची भीती वाटायची. माणूस वेडा आहे की कसला तरी पाळत ठेवणारा आहे, हे मला ठरवता येत नव्हतं. नवऱ्याला मात्र मजा वाटायची. "आपण घर भाड्याने घेतलंय की बैलगाडी?" असं तो रोज एकदा विचारायचा आणि स्वतःच हसायचा. घाबरायचं खातं आमच्या संसारात पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

तशी मी भित्रीच, पण त्या वर्षी मला घाबरायला कारणंही भरपूर होती. आम्ही आधी नालासोपाऱ्यात राहायचो. एका दुपारी शेजारणीच्या स्वयंपाकघरातला स्लॅब ओट्यावर कोसळला. ती नशिबाने बाहेर कपडे वाळत घालत होती. इमारत धोकादायक ठरली आणि आम्ही भांडीकुंडी पोत्यांत भरून बाहेर पडलो. त्याच घरात, त्याच्या काही महिने आधी, माझं तिसऱ्या महिन्यात पोट रिकामं झालं होतं. तेव्हापासून मी कुठल्याही खोलीत गेले की आधी छताकडे बघायची आणि मग जमिनीकडे. दोन्ही ठिकाणी काहीतरी फुटणार असं वाटायचं.

नंदाखालला वरचा मजला रिकामा आहे असं कळलं तेव्हा आम्ही बघायला गेलो. मला वाटलं, आता हे जात विचारतील, मासे खाता का विचारतील, किती माणसं राहणार विचारतील. त्यांनी मला विचारलं, "तुझा आवाज मोठा आहे काय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "हो हो, चांगलाच मोठा आहे."

"वर जा," ते मला म्हणाले. "स्वयंपाकघरात उभी राहा आणि मला हाक मार."

मी वर गेले. परक्या घराच्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून मी "अंकल!" अशी हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. तिसऱ्यांदा तर बेंबीच्या देठापासून ओरडले. खाली आले तेव्हा ते मान हलवत होते.

"नाही पोचत," ते म्हणाले. "हाक पोचत नाही. घंटा पोचते."

आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याकडून आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडून घेतलं, त्यातून एक सुताची दोरी खाली ओढून घेतली आणि तिच्या टोकाला आपल्या ओट्यावर घंटा बांधली. काही लागलं, काही झालं, की दोरी ओढायची. त्यांचा एक नियम होता, भाडेकरूच्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभं राहून ते बोलत. मोबाईल त्यांच्याकडे नव्हताच. त्याचा त्यांना राग होता. "त्याच्यात माणूस कुठून बोलतो ते कळत नाही," असं त्यांचं म्हणणं.

मी ती दोरी खिळ्याला गुंडाळून ठेवली. मी काही ती ओढणार नव्हते. पण न्हाणीघरात धामण निघाली तेव्हा माझा हात त्या दोरीवरच गेला. मोबाईल हातात असून गेला, हे नवऱ्याने मला पुढे कितीदा तरी ऐकवलं. घरमालक जिन्याशी येऊन ओरडले, "कुठल्या रंगाची?" मी म्हटलं, "लांब आहे!" ते म्हणाले, "मी रंग विचारला, बाय." मग रंग सांगितला. "धामण. दार उघडं ठेव आणि बाजूला हो. तिला पण तुझी भीती वाटते." ती दारातून गेली, पण मी पुढचे आठ दिवस बादलीत आधी काठी घालून मग हात घालत होते.

गणपतीच्या सुमारास नवऱ्याची नोकरी गेली. अंधेरीतलं त्यांचं ऑफिसच बंद झालं. तोवर घरातला हसरा माणूस तो होता, आता तोही गप्प झाला आणि मला नवीन भीती मिळाली. दोन माणसं दिवसभर एका घरात असली की भांडायला कारण लागत नाही. एकदा कुकरच्या शिट्टीवरून आमची अशी जुंपली की मी रडायला लागले आणि तो हातवारे करत ओरडायला लागला. त्या हातवाऱ्यांत त्याचं मनगट दोरीत अडकलं. खाली घंटा घणघण वाजली.

जिन्याशी काठी आपटल्याचा आवाज आला.

"जावई," घरमालकांनी विचारलं, "मारलंस काय तिला?"

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही हो अंकल! चुकून लागली दोरी!"

"तू नको बोलूस. तिला बोलू दे."

"नाही मारलं, अंकल," मी म्हटलं.

"परत बोल. हसत बोलतेस की रडत, कळत नाही."

आता मला खरंच हसू आलं. ते ऐकून त्यांची काठी परत ओट्याकडे गेली. त्यानंतर वर जिन्याजवळच्या खोलीत कधी आवाज चढला की पायरीशी फक्त खाकरणं ऐकू यायचं आणि आम्ही आवाज उतरवायचो. ते वर्ष आम्ही निभावलं त्यात त्या खाकरण्याचाही वाटा आहे असं मी मानते.

घंटांचं कारण मला त्यांच्या बहिणीने सांगितलं. ती गल्लीच्या पलीकडे राहायची, भावाला रोज जेवण आणून द्यायची, आणि दोघं आपल्या घरच्या बोलीत बोलायची, ती आम्हाला निम्मीशिम्मी कळायची. माझ्याशी ती पुस्तकातल्यासारखं बोलत असे. घरमालकांची बायको मागच्या वाडीत केळीचं पान कापायला गेली आणि घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती तिथून नवऱ्याला हाका मारत राहिली. हे पुढच्या ओट्यावर रेडिओ ऐकत बसलेले. जेवायची वेळ टळली तेव्हा उठून बघायला गेले.

"गेली का त्यात?" मी विचारलं.

"नाही गं. पुढे वर्षभर होती की अंथरुणावर. पण रोज एकदा तरी त्याला म्हणायची, मी तुला किती हाका मारल्या." बहिणीने डबा पुसून ठेवला. "रागाने नाही म्हणायची. नुसतं म्हणायची."

दिवाळी झाली आणि मला दिवस गेल्याचं कळलं. नवऱ्याला त्याच सुमारास बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये काम मिळालं. घरात एकदम दोन चांगल्या गोष्टी आल्या म्हणून मी आणखीच घाबरले. तिसरा महिना मी श्वास धरून काढला. तो गेला, पण पुढे माणिकपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं की वार गर्भाशयात खाली आहे. घाबरू नका म्हणाल्या. मग म्हणाल्या, रक्त दिसलं तर एक पाऊल चालायचं नाही. असाल तिथे आडवं व्हायचं आणि माणूस बोलवायचा. आता यात घाबरू नको तर काय करू, ते त्यांनी सांगितलं नाही.

नवऱ्याने घरी येऊन हे घरमालकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या हातात दोरीचं नवीन बंडल ठेवलं आणि खाली उभं राहून त्याला सूचना दिल्या. त्या संध्याकाळपर्यंत दोरीला फाटे फुटले होते. एक माझ्या पलंगाच्या उशाशी, एक न्हाणीघरात अगदी जमिनीलगत. "पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही," ते म्हणाले. मग रोज सकाळी नवरा कामाला गेला की मी एकदा दोरी ओढायची आणि त्यांनी खालून "हां!" म्हणायचं, असा परिपाठ पडला. आधी मोबाईल मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना ब्लाउजमध्ये खोचून न्यायची. हळूहळू तो कुठेही पडून राहायला लागला. दोरी होती ना. त्या माणसाला वाटणाऱ्या भीतीवर मी माझी भीती टांगून मोकळी झाले होते, आणि कित्येक महिन्यांनी मला दुपारची झोप यायला लागली.

गुड फ्रायडेला लागून शनिवार-रविवार आला. नवऱ्याने ठरवलं की तेवढ्यात कराडला जाऊन माझ्या आईला बाळंतपणासाठी घेऊन यावं. आठवा नुकताच लागला होता. मी हो म्हटलं. आमच्या दृष्टीने ती जोडून आलेली सुट्टी होती, दुसरं काही नाही.

गुरुवारी संध्याकाळी तो निघाला. मी गॅलरीत बसले होते. घरमालक चर्चमधून परत आले आणि घरातून जुन्या पांढऱ्या धोतराच्या चिंध्या घेऊन बाहेर पडले. त्यांनी फाटकाच्या घंटेच्या आतला लोळा चिंधीने गच्च गुंडाळला. मग रहाटाची घंटा गुंडाळली. मग मांजराला मांडीत दाबून धरून त्याच्याही गळ्यातली घंटी चिंधीने बांधली. मांजर आश्चर्याने बघत होतं.

"हे काय अंकल?" मी वरून विचारलं.

"आता शनिवारच्या रात्रीच्या मिस्सापर्यंत, ईस्टरच्या प्रार्थनेपर्यंत, देवळात घंटा नाही वाजणार, बाय. दुखवटा असतो, लाकडाची फळी वाजवतात. मग माझ्या घरात कशी वाजेल?"

मी मांजराचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. त्याने हसणारी तोंडं पाठवली. पुढचे सगळे लोळे गुंडाळत घरमालक ओट्याच्या छपराखाली गेले आणि मला दिसेनासे झाले. माझी घंटा त्या छपराखाली होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी ती मुद्दाम बांधली असं नाही. दरवर्षी सगळ्या बांधायचे, तसा त्यांचा हात एकेक करत तिच्यापर्यंत गेला. शुक्रवारी सकाळी नवरा घरीच नव्हता, त्यामुळे तो कामाला गेला की ओढायची ती दोरीही मी ओढली नाही.

शुक्रवारी दुपारी गाव एकदम मुकं झालं. सगळी माणसं पांढरे-काळे कपडे घालून चर्चकडे निघालेली. मी न्हाणीघरात गेले आणि अंगावरून जायला लागलं. थेंब नव्हे, धार. डॉक्टरीणबाईंचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून मी तिथेच फरशीवर आडवी झाले. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. हरकत नाही, असं मला वाटलं. मी अगदी शांतपणे हात लांब करून दोरी ओढली.

काहीच झालं नाही.

परत ओढली. दोरी भिंतीच्या भोकातून सरसरत गेल्याचं मला ऐकू आलं, आणि पुढे नुसती शांतता. मला वाटलं दोरी तुटली. मग मांजराचा चेहरा आठवला आणि मला सगळं कळलं. तसली भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि देव करो, पुन्हा न वाटो. छत कोसळण्याची भीती वेगळी असते, त्यात पळता येतं. मी ओरडले. अंकल म्हणून ओरडले, आई म्हणून ओरडले. माझाच आवाज न्हाणीघरात फिरून माझ्याकडे येत होता. रक्त मोरीच्या जाळीकडे वाहत होतं. मी एका हाताने पोट धरलं आणि दुसऱ्या हाताने ती मुकी दोरी ओढत राहिले, कारण दुसरं काही ओढायला नव्हतं.

खाली काय झालं ते मला मागाहून कळलं. घरमालक चर्चला जायचे कपडे करून बहिणीची वाट बघत ओट्यावर उभे होते. घंटा हलताना त्यांनी पाहिली. त्यांना वाटलं वारा आहे. मग त्यांनी केळीच्या पानांकडे बघितलं. पानं हलत नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. माझ्या मजल्यावर कधीही पाय न ठेवलेला माणूस न्हाणीघराच्या दारात उभा राहिला. त्यांनी रक्त बघितलं, माझ्या हातातली दोरी बघितली.

"मी बांधली," ते म्हणाले. "बाय, मी बांधली."

"अंकल, माणसं बोलवा!" मी किंचाळले, कारण ते तिथेच खिळले होते. मोबाईल स्वयंपाकघरात आहे हे सांगायचंही मला सुचलं नाही, आणि सांगून त्यांना तो वापरताही आला नसता.

ते गेले. आणि मग फाटकाची घंटा वाजायला लागली. जहाजावरची, ती मोठी. चिंधी फाडून काढून ते दोन्ही हातांनी लोळा आपटत होते. त्या दुपारी, जेव्हा देवळातली घंटासुद्धा मुकी असते, तेव्हा अख्ख्या नंदाखालवर ती घंटा घणघणत होती. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली म्हणे. पहिली धावत आली ती बहीण, आणि तीही भावाला शिव्या द्यायला.

"अरे, वेड लागलं काय तुला? आज घंटा?"

ते वाजवायचे थांबले नाहीत. नुसतं वर बोट केलं. मग शेजारचे आले, त्यांच्यातल्या एकाने गाडी काढली, आणि चर्चसाठी नटलेल्या चार माणसांनी मला घरमालकांच्या आरामखुर्चीत घालून जिन्यावरून खाली उतरवलं. गाडी गल्लीबाहेर पडली तरी घंटा चालूच होती.

मुलगी त्याच संध्याकाळी काढली. मी वाचले. ती मूठभर होती आणि जन्मल्यावर रडली नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नवरा आईला घेऊन पोचला तेव्हा तो इतका घाबरलेला होता की मलाच त्याला धीर द्यावा लागला. भेटायला येणारा प्रत्येकजण वजन विचारायचा. घरमालक बहिणीला घेऊन रिक्षाने यायचे, काचेबाहेर उभे राहायचे आणि नर्सला एकच विचारायचे, "आवाज करते काय?"

"बारीक करते, बाबा."

"बारीक म्हणजे किती?"

ते मान हलवून परत जायचे. माझ्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. माझ्याकडे बघायचेही नाहीत. मी त्यांच्यावर रागावले होते का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. रागावले होते. पहिल्या रात्री तर फार. पण त्यांच्याकडे बघून तो राग धरवेना, आणि ज्या घंटेने माणसं धावून आली तीही त्यांचीच होती.

मुलीला घरी आणलं तेव्हा फाटक नुसतंच उघडलं. एकही घंटा नव्हती. ईस्टरच्या दिवशी सगळ्या गावात घंटा वाजत असताना त्यांनी घरातल्या एकेक करून उतरवल्या आणि गोणीत भरून माळ्यावर टाकल्या, असं बहीण म्हणाली. मांजर मोकळं सुटलं होतं आणि शेजाऱ्यांच्या कोंबडीची पिल्लं कमी व्हायला लागली होती. आरामखुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. घर इतकं शांत झालं होतं की मला वर चालायचीही भीती वाटायची. मुलगी थोडी कुरकुरली तरी माझी आई तिला उचलून थोपटायची, तिला गप्प करायची. एवढ्याशा जिवाला रडायचे कष्ट नकोत म्हणायची.

एका दुपारी ती रडायला लागली ती खरोखरची, तोंड लाल करून, घर डोक्यावर घेऊन. तसं ती पहिल्यांदाच रडत होती. आई पाळण्याकडे धावली. खालून, पहिल्या पायरीपासून, आवाज आला. कित्येक आठवड्यांनी ते माझ्याशी बोलत होते.

"बाय, रडू दे तिला. थोपटू नको."

मी आईचा हात धरला. मुलगी रडत राहिली. आम्ही वर उभ्या, ते खाली उभे. तिची हाक जिन्यावरून उतरून ओट्यावर आणि ओट्यावरून पार वाडीत जात होती. हळूहळू ती दमली, हुंदके देत देत शांत झाली आणि डोळे मिटले. आई हुश्श करून बसली.

"बाय," खालून प्रश्न आला. "गप्प का झाली?"

"झोपली, अंकल."

मला वाटलं गेले.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं.

मी उठले आणि तिच्या नाकाशी बोट धरलं.